संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहे.

त्या ५३ वर्षांच्या आहेत, बँकेत नोकरी करतात. कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नवरा आणि बारावीतल्या मुलासह राहतात. त्यांची आत्या ८२ वर्षांची, अविवाहित, गणिताची निवृत्त शिक्षिका. आई सतत आजारी असायची, त्यामुळे यांचं बालपण आत्यानेच सांभाळलं. आत्या सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून भाचीकडे आहेत. वॉकर घेऊन चालतात, पण विसरायला लागल्या आहेत. डॉक्टरांनी 'डिमेन्शियाची सुरुवात' असं सांगितलं आहे. संध्याकाळी सहा वाजले की पर्स मांडीवर घेऊन दाराजवळ बसतात आणि 'शाळा सुटली, मला घरी सोड' म्हणतात. रात्री तीन-चारदा उठतात. घरी सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोच्या सहा बायका दहा महिन्यांत बदलून झाल्या. पत्रलेखिकेला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी असंही त्यांच्या मनात येतं.

त्यांनी दोन ठिकाणं पाहून ठेवली आहेत. एक खडकवासल्याच्या पुढे, पानशेत रस्त्याला. मोठी बाग, मंदिर, भजनाचा हॉल. महिना ४२ हजार आणि पाच लाख डिपॉझिट. दुसरं कर्वेनगरच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्यात. अकरा माणसं, बाग नाही. महिना ३३ हजार आणि एक लाख डिपॉझिट. आत्यांची पेन्शन ३६ हजार आहे. दोन्ही चुलतभावांचा विरोध आहे, 'लोक काय म्हणतील' हे त्यांचं म्हणणं. त्यातला एक म्हणतो, अगदीच न्यायचं असेल तर 'हवापालटाला जाऊ' असं सांगून न्या. आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री आत्यांचा हात हातात घेऊन यांनी शब्द दिला होता, 'तुला कधी आश्रमात ठेवणार नाही.' त्या विचारतात : यातलं कोणतं ठिकाण चांगलं? आणि मी शब्द मोडते आहे का?

ताई,

तुमच्या पत्रात 'ठेवणं' हे क्रियापद नऊ वेळा आलं आहे. कुठे ठेवू, ठेवलं तर भाऊ काय म्हणतील, ठेवल्यावर आत्याला काय वाटेल. तुम्हाला दोष देत नाही, आपण सगळेच असं बोलतो. पण ठेवलेल्या वस्तूकडे रोज बघावं लागत नाही, म्हणूनच तर आपण ती ठेवतो. या एका शब्दामुळे जागा शोधतानाच मनात येऊन बसतं की एकदा चांगलं ठिकाण मिळालं, पैसे भरले, की आपलं काम संपलं. मग आपण बाग बघतो, मंदिर बघतो, फरशी बघतो आणि तिथेच फसतो.

रुग्णालयात समाजसेविका म्हणून पंचवीसेक वर्षं काम करताना अशी कितीतरी घरं मी जवळून पाहिली. त्यावरून तुम्हाला एकच गोष्ट अगदी ठामपणे सांगते. ज्या ठिकाणी तुम्ही आठवड्यातून तीनदा, न कळवता, अंगावरच्या कपड्यांनिशी जाऊ शकाल ते ठिकाण निवडा. बाकी सगळं त्यानंतर.

हे मी माझ्या घरातही शिकले. बारा वर्षांपूर्वी आम्ही सासूबाईंसाठी शहराबाहेरची एक जागा निवडली. आंब्याची झाडं, बोगनवेल, बसायला दगडी कट्टे. बघून परतताना गाडीत आम्ही सगळे खूश होतो. सासूबाईंना चाकाची खुर्ची लागायची. त्या मजल्यावर नऊ जणींमागे एक बाई होती आणि बागेत उतरायला दोन पायऱ्या होत्या. चार महिन्यांत सासूबाई बागेत पाच वेळा गेल्या, पाचही वेळा आम्ही भेटायला गेलो होतो तेव्हाच. एका मंगळवारी तिथून फोन आला, 'आजी कुणाला ओळखत नाहीत.' मी धावत गेले. त्यांचा पाण्याचा तांब्या खिडकीच्या कठड्यावर होता, पलंगावरून हात पोचणार नाही इतका लांब. रविवारी आम्ही फोन करून जायचो तेव्हा तो पलंगाशेजारी असायचा. पाणी प्यायलं की बाथरूमला न्यायला कुणाला तरी हाका माराव्या लागतात, म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं होतं. आम्हाला वाटलं, विसरण्याचा आजार वाढला. निघालं ते लघवीचं इन्फेक्शन. पाच दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक झाल्यावर त्यांनी मला नावाने हाक मारली आणि विचारलं, 'दुधाचे पैसे दिलेस का?'

म्हातारपणी असं होतं, हे सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावं. वय झालेलं माणूस दोन-तीन दिवसांत अचानक भलतंच बोलायला लागलं, तर ते 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचं इन्फेक्शन, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठ, नवी गोळी, यातलं काहीही कारण असू शकतं आणि ते बरं होणारं असतं. म्हणून ताई, जागा ठरवण्याआधी एक काम करा. आत्यांचं विसरणं ऑपरेशननंतर वाढलं असं तुम्ही लिहिता. त्यांचं बी-१२, थायरॉइड, सोडियम तपासलंय का? कानाने नीट ऐकू येतं का? सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना एकदा दाखवल्यात का? घर सुटलं, चालणं गेलं, याचं नैराश्यसुद्धा विसरण्यासारखं दिसतं. 'डिमेन्शियाची सुरुवात' हे निदान बरोबर असेलही, पण त्यावर दुसरं काही चढलेलं नाही ना, हे बघून घ्या. त्यात महिना गेला तर जाऊ द्या.

आता घरीच सांभाळण्याबद्दल. तुम्ही दहा महिने ते केलं आहे, म्हणून 'आणखी एकदा ब्युरो बदलून बघा' असं मी म्हणणार नाही. बारा तासांची बाई चांगली मिळाली तर घरासारखं काही नाही. पण ती गौरी-गणपतीला गावी जाते, तिचं मूल आजारी पडतं, आणि रात्र तर तुमच्याच अंगावर असते. रात्री तीन-चारदा उठून सकाळी साडेनऊला काउंटरवर बसणं किती दिवस जमेल? स्वेच्छानिवृत्ती मात्र घेऊ नका. तुमची झोप उडाली आहे ती रात्रीच्या जागरणामुळे, आणि नोकरी सोडल्यावर जागरण तसंच राहील, फक्त दिवसाचे आठ तास जे तुम्ही चार माणसांत असता तेही जातील. एक मधला मार्ग मात्र तुम्ही लिहिलेला नाही. काही ठिकाणी दिवसापुरतं ठेवून घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी महिनाभर मुक्काम करून बघता येतो. कर्वेनगरवाल्यांना विचारा, पूर्ण डिपॉझिट न भरता एक महिना आत्या राहिल्या तर चालेल का? ज्यांना आपल्या कामाची खात्री असते ते सहसा तयार होतात. महिन्यानंतर घरी आणावंसं वाटलं, तर आणा. हा काही कन्यादानाचा मुहूर्त नाही की एकदा अक्षता पडल्या म्हणजे झालं.

तुमच्या दोन जागांपैकी खडकवासल्याच्या पुढची माझ्या मनातून उतरली, ती बागेमुळे नव्हे. रविवारी, त्यातून पावसाळ्यात, धरणाच्या चौपाटीजवळ गाड्या कशा मुंगीच्या पावलाने सरकतात हे तुम्हाला माहीत आहे. आज तुम्ही मनापासून म्हणाल की दर रविवारी जाईन. मग मुलाची बारावीची परीक्षा येईल, बँकेचं मार्चअखेर येईल, एखादा रविवार चुकेल, मग दोन. शिवाय रात्री दोन वाजता त्यांना धाप लागली तर तिथून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत यायला किती वेळ लागेल? कर्वेनगरला तुम्ही बँकेतून परतताना वीस मिनिटं थांबू शकता, डब्यातून चार गरम थालीपीठं नेऊ शकता, आणि तुमचा मुलगा क्लासवरून सायकल वळवू शकतो. आणि एक. आत्यांना भजनाची आवड आहे असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्या गणित शिकवायच्या एवढंच आहे. म्हातारं माणूस म्हणजे भजन, हे आपण परस्पर ठरवतो.

पण कर्वेनगरचा बंगला लहान आहे म्हणून घरगुतीच असेल, असंही धरून चालू नका. बंगल्यात जिने असतात, बाथरूमची दारं अरुंद असतात, वॉकर आत जात नाही. अकरा माणसांच्या ठिकाणी सगळं एका बाईंच्या जिवावर चाललेलं असतं, त्या आजारी पडल्या की सगळं विस्कटतं. तेव्हा जाऊन बघा. आधी फोन न करता, संध्याकाळी सात वाजता.

ही वेळ मी मुद्दाम सांगते. सकाळी अकराला कुठलीही जागा छान दिसते. आंघोळी उरकलेल्या, केस विंचरलेले, मॅनेजर खुर्चीवर. संध्याकाळी सातला दिवसपाळीच्या बायका निघायच्या घाईत असतात, जेवणं चालू असतात, आणि डिमेन्शिया असलेल्यांची बेचैनी नेमकी दिवेलागणीला वाढते. तुमच्या आत्या पर्स घेऊन बसतात तसं तिथेही कुणीतरी दाराशी असेल. त्यांच्याशी कोण, कसं बोलतं, ते कान देऊन ऐका.

मी पाहिलेलं सांगते. एका छोट्या ठिकाणी एक आजोबा दार ढकलत होते, 'मला वखारीत जायचंय, उघडा.' विशीतली एक मुलगी आली. तिने 'वखार कधीच बंद झाली' असं म्हटलं नाही, की 'बसा हो गप' असंही नाही. 'चला की, पण चहा घेऊन जाऊ,' म्हणाली. चहा बशीत ओतला, फुंकर मारली, बशी त्यांच्या हातात नीट टेकेपर्यंत स्वतःचा हात खाली धरून ठेवला आणि विचारलं, 'आज कुठलं लाकूड आलंय?' आजोबा सागवानाच्या भावाबद्दल सांगायला लागले आणि सांगता सांगता बसले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका चकचकीत ठिकाणी गेले होते. हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने लावलेला, खुर्च्या भिंतीला ओळीने, एक आजी 'अगं ए, अगं ए' म्हणून हाका मारत होत्या आणि शेजारी दोघी जणी चादरींच्या घड्या घालत होत्या. एकीनेही मान वळवली नाही. त्या जागेची लिफ्ट मात्र फार सुंदर होती.

तिथे गेलात की नखं बघा, ओठ कोरडे आहेत का बघा, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का आणि पाणी हाताशी आहे का तेही बघा. लघवीचा वास एखाद्या वेळी येणारच, माणसं राहतात तिथे. पण तो भिंतीत मुरलेला असेल, किंवा तो झाकायला फिनाईलचा मारा असेल, तर समजून घ्या. मग विचारायला सुरुवात करा. रात्री किती जणी जाग्या असतात? 'असतात' हे उत्तर नको, जाग्या किती? जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. ते रात्री कोण करतं, आणि वहीत लिहितं का? वही दाखवायला सांगा. कुणाला पलंगाला बांधता का? झोपेची किंवा शांत करणारी गोळी घरच्यांना न विचारता सुरू करता का? 'आमच्याकडे सगळे रात्रभर गाढ झोपतात' हे ऐकून मला तरी बरं वाटत नाही. तसंच 'आमच्याकडे कधीच कुणी पडत नाही' म्हणणाऱ्यांवर विश्वास टाकू नका. 'मागच्या महिन्यात एक आजी पडल्या, मग आम्ही बाथरूममध्ये दुसरा दांडा बसवला' असं सांगणाऱ्यांवर टाका.

तिथे काम करणाऱ्या एखाद्या मावशींशी दोन मिनिटं बाजूला बोला. किती वर्षं आहात इथे? आठवड्याची सुट्टी मिळते का? झोपता कुठे? ज्या मुली लांबच्या गावाहून येऊन बारा-बारा तास दुसऱ्याच्या आई-वडिलांची दुपटी बदलतात, त्यांना जिथे नीट जेवण आणि पगार मिळत नाही, तिथे आपल्या माणसालाही माया मिळणार नाही. चेहरे दर महिन्याला बदलत असतील तर आत्यांसारख्या विसरणाऱ्या माणसाचे फार हाल होतात, कारण त्यांना नाव आठवत नसलं तरी हात ओळखू येतो.

आणि 'आत्ता भेटीची वेळ नाही' म्हणून तुम्हाला दारातून परत पाठवलं, तर शांतपणे विचारा की माझी आत्या इथे असती तर मला आत्ता आत येता आलं असतं का. बाहेरच्या माणसाला अडवणं समजू शकते. घरच्या माणसाला अचानक येऊ न देणारी जागा मी घेणार नाही.

पैशांचं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत, हे चांगलंच. पण त्यावरून ती संस्था कागदावर आहे एवढंच कळतं, रात्री कूस कोण बदलतं ते कळत नाही. ३३ हजारांत काय येत नाही ते आधी विचारा. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तर सोबतची बाई, हे बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. उद्या आत्या अंथरुणाला खिळल्या तर दर किती वाढेल, आणि त्या परिस्थितीत ठेवून घेणार का, की 'आता घेऊन जा' म्हणणार? हॉस्पिटलमध्ये असतील त्या दिवसांचे पैसे लागतील का? डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि माणूस गेलं तर कुणाला? हे सगळं करारात लिहून घ्या. तोंडी 'आपण बघू हो ताई' चालणार नाही. सदाशिव पेठेतला फ्लॅट भाड्याने देता येईल, स्पर्धा परीक्षेची मुलं त्या भागात खोल्या शोधतच असतात. मात्र तो आत्यांना विचारून द्या, आणि त्यांचं कपाट, देव, वह्या आधी तिथून आणा.

बँकेत असल्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत असेल, इतर वाचकांसाठी लिहिते. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला आता 'जीवन प्रमाण' या सरकारी सोयीने मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, त्यासाठी वॉकरवरच्या माणसाला नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभं करायची गरज नाही. ७० वर्षांवरच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी, केअर सेंटरच्या महिन्याच्या बिलासाठी नाही. आणि मुखत्यारपत्राबद्दल फार जणांचा गैरसमज असतो. ज्याने ते दिलं त्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, नेमकी गरज असते तेव्हाच ते उपयोगी पडत नाही. म्हणून आत्यांना आज कळतंय तोवर खात्यावर दुसरं नाव, नामनिर्देशन, मृत्युपत्र हे त्यांच्या मनाप्रमाणे करून घ्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. सोबत त्या समजून सही करताहेत असं डॉक्टरांचं पत्र असलेलं बरं. तुम्ही स्वतः त्यात लाभार्थी असाल तर वकील आत्यांशी एकट्याने बोलतील असं बघा.

आता चुलतभावांकडे येते. त्यांना विरोध करायचा हक्क आहे असं तुम्ही धरून चालला आहात. असेल, पण मग वाटाही आहे. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्यात ज्यांना मूलबाळ नाही अशा ज्येष्ठांचाही विचार केलेला आहे. जो नातेवाईक त्यांच्या मालमत्तेचा वारस होणार आहे, त्याच्यावर, ऐपत असेल तर, सांभाळण्याची जबाबदारी येते. असे वारस एकापेक्षा जास्त असतील तर ज्याला जेवढा वारसा, त्या प्रमाणात. यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर न्यायाधिकरण असतं. तुम्ही तिथे जा असं मी सुचवत नाही. भावांना घरी बोलवा, संध्याकाळी सहालाच बोलवा. आत्या पर्स घेऊन बसतील तेव्हा दोघांना समोर बसू द्या, रात्री एकाला मुक्कामाला थांबू द्या. मग कागद काढा : कोण कोणत्या वारी भेटायला जाणार, हॉस्पिटलची वेळ आली तर कोण रजा टाकणार, पेन्शनच्या वरचे पैसे कसे वाटून घ्यायचे. लोक काय म्हणतील याला उत्तर म्हणून मला पुण्याचीच आठवण होते. नव्या पेठेतली 'निवारा' ही वृद्धांना सांभाळणारी संस्था एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या दानातून उभी राहिली. म्हणजे या शहरात म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर आधार लागतो, हे आपल्या पणजोबांच्या काळातही लोकांना ठाऊक होतं.

इथेच इतर वाचकांसाठी थोडं, कारण शब्दांचा गोंधळ फार होतो. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या 'अथश्री'सारख्या वसाहती या मुळात ज्यांचं स्वतःचं चाललं आहे त्यांच्यासाठी, स्वतःच्या घरात पण हाकेच्या अंतरावर मदत असावी म्हणून. जुन्या वृद्धाश्रमांपैकी बऱ्याच ठिकाणी आत येताना स्वतःचं स्वतः करता येणं ही अट असते. आणि ज्यांना उठवणं, भरवणं, रात्रीची जाग लागते त्यांना शुश्रूषा देणारं केंद्र लागतं. पहिल्यांदा विचारायचं ते हे, की तुमच्याकडे कोणाला घेत नाही. कुणाचे हाल होताना दिसले, घरात किंवा बाहेर, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

राहिला तुमचा शब्द. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आत्यांना कशाची भीती वाटत होती, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? 'मला आश्रमात टाकू नका' म्हणणाऱ्या शेकडो माणसांशी मी पलंगाशेजारी बसून बोलले आहे. कुणाला वाटतं, परत कुणी येणारच नाही. एका आजींना फक्त एवढीच धास्ती होती की तिथे केस कापून टाकतात. एका निवृत्त फौजदारांना पुरुषाकडून आंघोळ घालून घ्यायची लाज वाटत होती. तुमच्या आत्यांचं काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. सकाळी, त्या ताज्या असतात तेव्हा, चहाच्या वेळी विचारा. डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणसाला आपलं मत असतं आणि ते सांगताही येतं, आपणच विचारायचं थांबतो. तो शब्द तुम्ही खरोखर मोडताहात का, हे त्यांच्या उत्तरावरून ठरेल, माझ्या किंवा भावांच्या नाही. त्या ठाम 'नाही' म्हणाल्या तर तेही ऐका, आणि मग दिवसापुरत्या सोयीपासून सुरुवात करा.

'हवापालटाला जाऊ' हे मात्र कृपा करून नको. त्यांना शब्द आठवणार नाहीत, पण फसवलं गेल्याची धास्ती अंगात राहते, आणि मग ती तुम्हाला बघून उफाळून येते. खरं सांगा, छोटं सांगा. 'आत्या, रात्री मला झोप मिळत नाही, मी आजारी पडले आहे. जवळच एक घर आहे, तिथे रात्री जाग्या असणाऱ्या बायका आहेत. तू महिनाभर राहून बघ. मी सोमवारी, बुधवारी, शनिवारी येईन.' त्या विसरतील, पुन्हा विचारतील. पुन्हा तेच सांगा, त्याच शब्दांत. आधी दोनदा नुसत्या चहाला घेऊन जा. न्यायचा दिवस असा निवडा की त्या दिवशी तुम्हाला रजा असेल, आणि सकाळी न्या, संध्याकाळी नाही.

त्यांच्यासोबत एक कागद द्या, मोठ्या अक्षरात लिहिलेला. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, चहात साखर किती, आंघोळ सकाळची की दुपारची, झोपताना दिवा लागतो का, कशाला घाबरतात, कोणत्या शाळेत शिकवायच्या. तिथल्या मुलींना सांगा, 'आजी' म्हणू नका, 'बाई' म्हणा. चाळीस वर्षं त्यांना तीच हाक आली असणार. त्यांची गोधडी, त्यांचं घड्याळ, ज्यावर त्या दूधवाल्याचे खाडे लिहायच्या तसलं भिंतीवरचं कालनिर्णय, आणि एक चौकटीची वही न्या. आणि त्यांची पर्स कुणाला काढून घेऊ देऊ नका. तिथल्या मावशी म्हणतील, पैसे हरवतील, आम्ही कपाटात ठेवतो. नको म्हणा. आत दहा-दहाच्या चार नोटा, एक रुमाल, घराची एक जुनी किल्ली आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. पहिल्या आठवड्यात जमेल तेवढ्या संध्याकाळी, सहाच्या आत, त्यांच्या शेजारी दाराजवळ जाऊन बसा. त्या 'शाळा सुटली' म्हणाल्या तर वर्गात आज काय शिकवलं ते विचारा.